घाई बोटात असते

वार्षिक फायरिंगला येणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कुणाचं पिस्तूल डावीकडे मारतं, कुणाचं खाली मारतं, कुणाच्या डोळ्यांवर ऊन येतं, कुणाला नेमका शेजारच्याच्या गोळीचा आवाज नडतो. पोलीस दलात शस्त्र प्रशिक्षक म्हणून माझी बरीच नोकरी फायरिंग बटावर गेली. पुढे पुढे तर तक्रार ऐकूनच समोरच्याचं बोट काय करत असेल याचा अंदाज यायला लागला. उजव्या हाताने फायर करणाऱ्याच्या गोळ्या डावीकडे खाली जात असतील, तर पिस्तूल बहुधा निर्दोष असतं. शेवटच्या क्षणी ट्रिगर खेचताना बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते, मनगट पुढे झुकतं आणि नळीचं तोंड डावीकडे खाली वळतं. तेच पिस्तूल अशाच घाईच्या डावखुऱ्या माणसाच्या हातात दिलं, की ते उजवीकडे मारायला लागतं. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की हत्याराबद्दलची तक्रार थांबते आणि बोटाबद्दल बोलता येतं.

बोटाचा प्रश्न बहुतेक वेळा घाईचा असतो. या कामातून मला ठामपणे कळलेली गोष्ट एवढीच. ट्रिगर झटकणं ही घाई आहे, आवाजाआधी डोळे मिटणं ही घाई आहे, गोळी कुठे लागली ते बघायला मान वर करणं ही घाई आहे, आणि एक गोळी चुकली म्हणून पुढच्या गोळीला शिस्त, म्हणजे नेम, बदलणं हीसुद्धा घाईच. माणसं वेगवेगळी, पण घाईचे प्रकार मोजकेच.

आमच्याकडे नऊ मिलिमीटरचं ऑटो पिस्तूल असतं. मूळ आराखडा जॉन ब्राउनिंगचा. 1926 साली तो वारल्यावर बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह याने तो पूर्ण केला, आणि 1935 पासून हे पिस्तूल जगभर पसरलं. आपल्याकडे ते इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झालं. भरलेलं असताना त्याचं वजन साधारण एक किलो भरतं आणि ट्रिगर ओढायला तीन किलोच्या आसपास जोर लागतो. हल्ली काही ठिकाणी ग्लॉक आलं आहे. ते हलकं, रिकामं असताना सव्वासहाशे ग्रॅमचं. त्याचा ट्रिगरही हलका, पण तरी अडीच किलोचा. म्हणजे हत्याराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट जोर आपण एका बोटाने त्याच हत्यारावर लावतो, आणि तेवढा वेळ ते जागचं हलू नये अशी अपेक्षा करतो. ऑलिम्पिकमधल्या 10 मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन किमान 500 ग्रॅम असावं एवढाच नियम आहे. आमच्या शिपायाला त्याच्या पाच-सहा पट ओझं बोटावर घेऊन तेच काम करायचं असतं. म्हणून पोलिसांच्या नेमबाजीत ट्रिगरला जेवढा वेळ द्यावा तेवढा थोडाच.

ट्रिगर सरळ मागे, सावकाश आणि न थांबता आला पाहिजे. हे वाक्य प्रत्येक उस्ताद सांगतो आणि प्रत्येक रिक्रूट पाठ करतो. वाक्याने बोट सुधारत नाही. मी सांगायची की डोळ्यांत औषध टाकताना बाटली कशी दाबता ते आठवा. दाब वाढवत राहायचा, थेंब केव्हा पडेल हे आपण ठरवायचं नाही. गोळी केव्हा सुटेल हे ज्याला आधी कळतं, त्याचं अंग त्या क्षणाची तयारी करतं. खांदा पुढे येतो, मनगट घट्ट होतं, पापणी मिटते. ही तयारीच गोळी बिघडवते.

गंमत अशी, की ज्या धक्क्याला माणूस घाबरतो, त्या धक्क्याने तेवढं नुकसान होतच नाही. आग लागल्यापासून गोळी नळीतून बाहेर पडायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. हाताला झटका जाणवतो तेव्हा ती निघून गेलेली असते. बिघाड झालाच तर तो त्याआधी, आपल्या हाताने केलेला. पण समोरच्याला हे सांगून पटत नाही. "मॅडम, माझा हात अजिबात हलत नाही," असं सगळेच मनापासून म्हणतात, कारण आवाज आणि धुराच्या गडबडीत आपला हात आधी हलला की नंतर, हे ज्याचं त्याला कळायला मार्ग नसतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. फायर करणाऱ्याला पाठ फिरवून उभं करायचं आणि मॅगझिन आपण भरायचं. खऱ्या काडतुसांच्या मध्ये कुठेतरी एखादं ड्रिल काडतूस घालायचं. .38 रिव्हॉल्व्हर असेल तर एक-दोन घरांत रिकाम्या पुंगळ्या ठेवायच्या आणि चक्र फिरवून हातात द्यायचं. मग पुढची गोळी खरी की खोटी हे त्याला माहीत नसतं. खोट्यावर घोडा पडतो, नुसता ‘खट’ आवाज येतो आणि नळी चार बोटं खाली झुकते. आवाज झालेला नाही, धक्का बसलेला नाही, तरी हात खाली गेला. शेजारी फायर करणाऱ्या डिटेलला, म्हणजे गटाला, हसू येतं, फायर करणारा ओशाळतो. मला मात्र तिथून खरं शिकवणं सुरू करता येतं. पुढच्या वेळी तो आपणहून म्हणतो, "मॅडम, खोटी दोन जास्त घाला." हे म्हणणाऱ्याचं फायरिंग सुधारणार याची मला खात्री असायची.

आवाजाचंही बघावं लागतं. उघड्यावर फायर केलेल्या पिस्तुलाचा आवाज कानाशी दीडशे डेसिबलच्या वर जातो. पूर्वी कापसाचे बोळे घालून फायरिंग व्हायचं, आणि बोळे न घालण्यातच मर्दुमकी समजणारेही होते. त्यातल्या अनेकांच्या कानात आज सतत शिट्टी वाजते. कानाची नीट काळजी घेतली की दचकणं निम्म्यावर येतं, हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे. कानात प्लग आणि वरून मफ अशी दोन्ही घालून उभं केलं की कालपर्यंत पापणी मिटणारा माणूस आज उघड्या डोळ्यांनी फायर करतो. भीती त्याला गोळीची नव्हतीच, आवाजाची होती.

आता डोळ्याकडे येते. शिस्त घ्यायची म्हणजे मागच्या साईटच्या खाचेत पुढच्या साईटचं टोक मधोमध आणि वरून समपातळीत आणायचं, आणि ते टार्गेटवर ठेवायचं. म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी तीन अंतरांवर. माणसाच्या डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. नवखा माणूस साहजिकच टार्गेट बघतो, कारण मारायचं तिथे आहे. पण स्पष्ट दिसायला हवं ते पुढच्या साईटचं टोक, आणि टार्गेट धूसर झालं तर होऊ द्यायचं. याचं कारण फळ्यावर गणित मांडूनच सांगावं लागतं. आमच्या पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर साधारण 16 सेंटिमीटर. पुढचं टोक खाचेत एक मिलिमीटर सरकलं, तर 25 मीटरवर गोळी 15 सेंटिमीटरहून जास्त सरकते. याउलट दोन्ही साईट नीट जुळलेल्या असताना सगळा हातच एक सेंटिमीटर बाजूला गेला, तर गोळीही एक सेंटिमीटरच बाजूला जाते. पहिली चूक डोळ्याला चटकन दिसतसुद्धा नाही आणि माणसाचा छातीवरचा नेम खांद्याकडे घालवते. दुसरी चूक ठळक दिसते, तिचीच सगळ्यांना धास्ती असते, आणि ती जवळजवळ निरुपद्रवी असते.

हे गणित कळलं की हात हलण्याची भीती जाते. हात हलतोच. श्वासाने हलतो, नाडीने हलतो, स्नायू तोलून धरत असतात म्हणून हलतो. ऑलिम्पिकला जाणाऱ्याचाही हलतो, फक्त कमी. नवखा माणूस हलणारा हात टार्गेटच्या मधोमध यायची वाट बघतो आणि तो आला रे आला की ट्रिगर खेचतो. आलेला क्षण पकडायच्या या नादात साईटची जुळणी मोडते आणि तीन सेंटिमीटरची चूक तीस सेंटिमीटरची होते. हात त्याच्या मापाच्या वर्तुळात हलू द्यायचा, साईट जुळलेल्या ठेवायच्या आणि बोटाने दाब वाढवत न्यायचा. गोळी त्या वर्तुळाबाहेर जात नाही. हलणं मान्य करायला धीर लागतो. तरुण मुलांना हे जड जातं, कारण त्यांचा अंगातल्या ताकदीवर फार विश्वास असतो.

चाळिशी उलटलेल्यांचा प्रश्न निराळा. पंचवीस वर्षं उत्तम फायरिंग करणारा हवालदार अचानक नापास व्हायला लागतो. लोक म्हणतात, वय झालं. झालेलं एवढंच असतं, की त्याला हातभर अंतरावरचं टोक स्पष्ट दिसेनासं झालेलं असतं. वाचायचा चष्मा फूट-सव्वा फुटासाठी असतो, लांबचा चष्मा टार्गेटसाठी, आणि फोरसाईट, म्हणजे पुढची साईट, नेमकी दोन्हींच्या मध्ये पडते. दुहेरी भिंगाचा चष्मा असला तर माणूस खालच्या भिंगातून बघायला मान मागे टाकतो आणि सगळी ठेवण बिघडते. अशांना मी चष्म्याच्या दुकानात पाठवायची. डोळ्यापासून फोरसाईटपर्यंतचं अंतर दोरीने मोजून न्या आणि त्या अंतराचा नंबर काढून घ्या, असं सांगायची. साधा, स्वस्त चष्मा, फक्त बटावर घालायचा. "मॅडम, टोक दिसलं!" असं म्हणणाऱ्या हवालदारसाहेबांच्या चेहऱ्यावरचा आनंद पदोन्नतीच्या आनंदापेक्षा कमी नसायचा. होल्स्टरमध्ये घासून चकचकीत झालेल्या फोरसाईटला मेणबत्तीची काजळी लावणं, न वापरायच्या डोळ्यासमोर चष्म्यावर दुधी टेप चिकटवणं, ही त्याच जातीतली किरकोळ कामं. डोळा जोरात मिटून धरला की दुसऱ्याही डोळ्यावर ताण येतो. टेप लावली की दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

मुठीचा विषय मला स्वतःच्या हातामुळे कळला. आमच्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये 13 काडतुसं दोन ओळींत बसतात, त्यामुळे मूठ जाडजूड होते. महाराष्ट्रात पोलीस भरतीत महिलांना 30 टक्के जागा आहेत. दरवर्षी लहान पंजाच्या कितीतरी मुली हे पिस्तूल हातात घेतात आणि बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचतं. टोकाने दाबलेला ट्रिगर मागे यायच्याऐवजी बाजूला ढकलला जातो. अशा मुलीला "जोर लाव" म्हणणाऱ्या उस्तादांचा मला राग यायचा. जोर तिच्याकडे असतो, तो कुठे लावायचा हे सांगायला हवं. पिस्तूल हातात थोडं फिरवून घ्यायचं, म्हणजे बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर येतं. त्याने नळी हाताच्या रेषेत राहत नाही, पण ती उणीव दुसरा हात भरून काढतो. आवळायचं काम मुख्यतः त्या दुसऱ्या हाताने करायचं, म्हणजे ट्रिगरचं बोट मोकळं राहतं. मूठ आणि बोट वेगवेगळं वागलं पाहिजे. मूठ जशी धरली तशीच शेवटपर्यंत राहावी, वाढावा तो फक्त बोटाचा दाब. मुली हे लवकर उचलतात असा माझा अनुभव. त्यांच्यात बऱ्याच जणींनी आधी कधी छऱ्याची बंदूकसुद्धा धरलेली नसते, त्यामुळे मोडायला जुन्या सवयीच नसतात.

एवढं सगळं शिकवायला काडतुसं किती मिळतात? मोजकीच. प्रत्येकाच्या नावावर ठरलेले राऊंड निघतात, कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, रजिस्टरवर सही करून घ्यायचे, आणि फायरिंग झालं की तेवढ्याच पुंगळ्या परत द्यायच्या. एक पुंगळी कमी भरली, तर लाल बावटा उतरवून सगळी पार्टी गुडघ्याएवढ्या गवतात ओळीने शोधायला लागते. पावसाळ्यानंतरच्या फायरिंगला हा कार्यक्रम हमखास. उन्हात रांगत पुंगळी शोधणारा शिपाई एका गोळीची किंमत जन्मभर विसरत नाही. पण वर्षातून एकदा मोजकी काडतुसं उडवून हात तयार होत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून तयारी गोळीविना करायची असते.

ड्राय प्रॅक्टिस म्हणजे रिकामं पिस्तूल. मॅगझिन बाहेर, स्लाईड मागे, चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. मग शेजारच्याने पुन्हा बघायचं. काडतुसं त्या खोलीतच नकोत. समोर जाड भिंत, तिच्यापलीकडे माणसांचा वावर नको. एवढं झाल्यावर कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर शिस्त घ्यायची. भिंतीवर ठिपका काढायचा नाही. ठिपका दिसला की डोळा टोक सोडून तिकडे धावतो. कोऱ्या भिंतीवर बघण्यासारखं फोरसाईटशिवाय काहीच नसतं, त्यामुळे ट्रिगर येताना टोक कसं वागतं ते लख्ख दिसतं. स्लाईडवर पुढच्या बाजूला रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ‘खट’ करायचं. घोडा पडल्यावर लगेच हात खाली घ्यायचा नाही, टोक कुठे आहे ते बघत दोन सेकंद तसंच थांबायचं. मान वर करायची सवय मोडते ती इथेच. हत्यार घरी नेता येत नाही, म्हणून सकाळच्या परेडआधी कोतासमोरच्या खोलीत दहा मिनिटं हे करून घ्यायची. रोज दहा मिनिटं. तासभर करून घेतलं तर शेवटची चाळीस मिनिटं माणूस दमलेल्या हाताने चुका पाठ करत राहतो.

सुधारणा झाली की नाही, हे टार्गेट नीट वाचलं तर कळतं. मधल्या पट्ट्यात दोन आणि बाकी चहूकडे, हा कागद बघून लोक खूश होतात. मला कोपऱ्यात का होईना, पण एका वाटीत मावतील अशी भोकं असलेला कागद आवडायचा. ग्रुपिंग आलं म्हणजे माणूस दरवेळी एकच कृती करतोय. ती चुकीची असली तरी एकच असल्यामुळे दुरुस्त करता येते. पहिली गोळी डावीकडे गेली म्हणून दुसऱ्या गोळीला उजवीकडे शिस्त घेणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही, कारण चूक कुठली आणि उपाय कुठला हेच कागदावर उरत नाही. निदान पाच गोळ्या एकाच शिस्तीने मारून होईपर्यंत काहीही बदलायचं नाही, हा नियम मी कडक पाळून घ्यायची. शिवाय, कागदाकडे चालत जाण्याआधी शेवटची गोळी कुठे गेली असेल ते बोलून दाखवायला लावायची. घोडा पडताना टोक कुठे होतं हे ज्याने पाहिलं, त्याला गोळीचा पत्ता सांगता येतो. ज्याला येत नाही, त्याचे डोळे मिटलेले होते.

"हे सगळं खेळाडूंचं झालं, गल्लीत समोर हत्यारवाला उभा असेल तर सावकाश दाब वाढवत बसायचं का?" हा प्रश्न प्रत्येक तुकडीत निघतो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर मला खेळाडूंकडूनच मिळालं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. त्या स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्या प्रकारात एक टप्पा असा असतो, की हात तिरका खाली धरायचा, इशारा मिळाला की वर आणायचा आणि 3 सेकंदांत एकच गोळी मारायची. मग 7 सेकंद विश्रांती आणि पुन्हा तेच. मी शिट्टी घेऊन शिपायांकडून हे करून घ्यायला सुरुवात केली. आधी ड्राय, मग गोळीने. 3 सेकंद म्हणजे किती भरपूर वेळ असतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं. हात वर येतानाच बोट पहिला दाब घेऊ लागतं, टोक डोळ्यासमोर स्थिर होईतो अर्धं काम झालेलं असतं, आणि उरलेल्या वेळात दाब त्याच चालीने पूर्ण होतो. वेगवान माणूस हात लवकर आणतो. घाईतला माणूस बोट लवकर खेचतो. हात कितीही वेगाने आणा, बोटाची चाल तीच राहिली पाहिजे. ती चाल रोजच्या दहा मिनिटांतून अंगात बसलेली असेल तरच गल्लीत उपयोगी पडते. ऐन वेळी आठवून ती करता येत नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यांत उशिरा येते. शिस्त घेतली, श्वास रोखला, सहा-सात सेकंद झाले तरी ट्रिगर पूर्ण आला नाही, तर पिस्तूल खाली घ्यायचं. त्यापुढे डोळ्याला टोक दिसेनासं होतं, हात जास्त हलतो, आणि माणूस "आता मारूनच टाकू" म्हणून खेचतो. अशा खेचलेल्या गोळीचं भोक कागदावर लगेच ओळखू येतं. बोट ट्रिगरवरून काढून, दोन श्वास घेऊन पुन्हा सुरुवात करणं ही साधी कृती. पण शेजारचे धडाधड फायर करत असताना, मागे साहेब उभे असताना ती करायला भलतं बळ लागतं. बंदोबस्तात तर त्याचं मोल आणखी वाढतं. तिथे टार्गेटच्या मागे मातीचा बट नसतो, माणसं असतात, आणि ट्रिगरवर आलेलं बोट मागे घेता येणं हा कौशल्याचा निम्मा भाग असतो.

निकालाच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. तिथे लागलेल्या गोळ्या मोजतात आणि त्या मोजल्याच पाहिजेत. मी आपली एक वही ठेवली होती. फायरिंग चालू असताना ज्याने न मारता पिस्तूल खाली घेतलं, त्याचं नाव तीत लिहायची. हत्यारी बंदोबस्तासाठी माणसं निवडायची वेळ आली की वरिष्ठ गुणांची यादी मागायचे. मी यादी द्यायची आणि सोबत वहीतली चार नावं तोंडी सांगायची. त्यातली काही यादीत पार खाली असायची. "हा कसा काय?" असं विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असायचं: साहेब, ह्याचे गुण आम्ही वाढवू. बाकीच्यांना थांबायला शिकवायला मला अजून वर्षभर लागेल.